जॉन्सनसाहेबांचा स्कॉटलंडांतील पाहुणचार

इ. स. १७५५ मध्यें डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी भाषेचा कोश लंडनांत प्रसिद्ध झाला. शब्दांचे अर्थ लिहितांना कोशकारानें आपले रागलोभ बाजूस ठेवावेत, ही गोष्ट त्यांस कोणी शिकवावयास नको होती. परंतु 'ओट' या धान्याशीं येतांच त्यांची लेखणी थोडी वाकडी चालली. हें धान्य इंग्लंडांत बहुधा घोड्यांच्या तोबऱ्यांत जातें आणि स्कॉटलंडांत माणसांच्या पोटांत, अशा आशयाचा अर्थ त्यांनीं देऊन टाकला. स्कॉच लोकांस ही थट्टा फार झोंबली. तसले घोडे आणि तसलीं माणसें दुसरीकडे कोठें आहेत तीं दाखवा पाहूं, असा उलट टोला लॉर्ड एलिबँक या स्कॉच सरदारानें दिल्याची आख्यायिका आहे.

जॉन्सन हें नांव महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांना परकें नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमालेंत त्यांच्यावर विस्तृत निबंध लिहिला, आणि त्यांची 'रासेलस' ही कथा कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री या पितापुत्रांनीं मराठींत आणिली. तेथें भेटतात ते ग्रंथकार जॉन्सन. परंतु ओटची थट्टा केल्यावर अठरा वर्षांनीं, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, हेच गृहस्थ घोड्यावर बसून स्कॉटलंडच्या डोंगरांत गेले, आणि ज्या धान्याची त्यांनीं टवाळी केली होती त्याच धान्याची भाकरी त्यांस परक्या घरीं बसून खावी लागली, ही हकीकत तितकी प्रसिद्ध नाहीं.

१४ ऑगस्ट १७७३ रोजीं जॉन्सन एडिंबरा येथें पोंचले. त्यांचा सोबती जेम्स बॉस्वेल हा बत्तीस वर्षांचा वकील, जन्मानें स्कॉच, स्वभावानें उतावळा, आणि गुरूचा प्रत्येक शब्द टिपून ठेवण्याच्या कामीं केवळ एकनिष्ठ. जॉन्सन स्वतः अंगानें अवजड, दृष्टीनें अधू आणि कानानें मंद. अशा माणसानें या वयांत एवढा प्रवास कशाला करावा? स्कॉटलंडच्या उत्तरेस व पश्चिमेस जो डोंगराळ मुलूख व बेटांचा समूह आहे, तेथील लोक गेलिक भाषा बोलत, एका मूळपुरुषाचें नांव सांगणाऱ्या जमाती करून राहत, आणि आपल्या नायकाच्या शब्दाखातर प्राण देत. १७४६ च्या एप्रिलांत कलोडनच्या रणांगणावर यांतील अनेक जमातींचा बीमोड झाला. पुढें सरकारनें त्यांचीं शस्त्रें काढून घेतलीं, त्यांचा पोषाख कायद्यानें बंद केला, आणि नायकांचे न्यायनिवाड्याचे वंशपरंपरागत हक्क रद्द केले. ही जुनी राहणी समूळ नाहींशी होण्यापूर्वीं डोळ्यांनीं पाहावी, एवढा जॉन्सन यांचा हेतु होता. आणि राहणी पाहावयाची म्हणजे त्या लोकांत राहावयाचें, व राहावयाचें म्हणजे त्यांच्या घरीं जेवावयाचें.

येथें एक अडचण होती. जॉन्सन यांनीं कित्येक वर्षांपासून मद्य वर्ज्य केलें होतें. चहा, पाणी आणि लिंबाचें सरबत यांवरच त्यांची तहान भागे. आणि जावयाचें होतें तें अशा मुलखांत, कीं जेथें पाहुणा उंबऱ्याच्या आंत आला कीं त्याच्या हातीं प्रथम पेला द्यावयाचा!

पहिली सलामी तर वाईटच झडली. एडिंबऱ्यांत बॉईड याच्या खानावळींत उतरल्यावर त्यांनीं आपलें सरबत थोडें गोड करावयास सांगितलें. वाढप्यानें आपल्या तेलकट बोटांनीं साखरेचा खडा उचलला आणि पेल्यांत टाकला. जॉन्सन यांनीं तें सरबत तसेंच खिडकीबाहेर भिरकावून दिलें. त्या रात्रीं बॉस्वेलच्या घरीं त्याच्या पत्नीनें चहा पाजला, तेव्हां पाहुण्याची मर्जी ठिकाणावर आली.

चार दिवसांनीं दोघे उत्तरेकडे निघाले. लीथ बंदरावर बॉस्वेलनें 'स्पेल्डिंग' या नांवाची मासळी विकत घेतली. ही समुद्राच्या पाण्यांत बुडवून, खारवून उन्हांत वाळवितात आणि तोंडीं लावणें म्हणून खातात. कोंकणांतल्या माणसास तिचें अधिक वर्णन करून सांगावयास नको. गुरूच्या जिभेस स्कॉच वळण लावावयाचेंच असा हट्ट धरून बॉस्वेलनें तिचा एक तुकडा मोठ्या मिनतवारीनें त्यांच्या तोंडांत घातला. त्यांना तो मुळींच आवडला नाहीं. पुढें कलन या गांवीं न्याहारीच्या चहाबरोबर भाजलेले सुके हॅडॉक मासे मांडले गेले. बॉस्वेलनें एक खाल्ला, पण जॉन्सन यांना तें दृश्यच सहन होईना, म्हणून बशी उचलून न्यावी लागली. सुक्या मासळीपुढें इंग्लंडच्या या महापंडिताचा निश्चय अखेरपर्यंत ढळला नाहीं असें दिसतें.

परंतु या दोन पराभवांच्या मध्यें स्कॉटलंडास एक जय मिळाला होता. अ‍ॅबर्डीन येथें जेवणांत जव आणि वाटाणे घालून केलेला मांसाचा दाट रस्सा वाढण्यांत आला. जॉन्सन यांनीं त्याच्या एकामागून एक कित्येक बशा फस्त केल्या. पूर्वीं कधीं हा खाल्ला होता काय, असें बॉस्वेलनें विचारतां, कधींच नाहीं, पण पुन्हा कितीही लवकर मिळाला तरी माझी ना नाहीं, असें उत्तर मिळालें. याच अ‍ॅबर्डीनांत त्यांस एक नवलाची माहिती कळली. 'केल' म्हणून कोबीच्या जातीची जी पालेभाजी स्कॉच शेतकऱ्याच्या परसांत हटकून असते, ती लावावयास आणि जोडे शिवावयास तेथील लोक क्रॉमवेलच्या शिपायांपासून शिकले असें त्यांस सांगण्यांत आलें. मग त्यापूर्वीं हे लोक खात तरी काय असत, हा प्रश्न त्यांच्या मनांत आला. आणि केल नव्हती तेव्हां बहुधा कांहींच नसेल, असा तर्क त्यांनीं केला. तर्क थट्टेचा खरा. पुढच्या आठवड्यांत त्यांतली थट्टा गळून पडावयाची होती.

३० ऑगस्ट रोजीं इन्व्हर्नेस सोडल्यावर चाकांचा रस्ता संपला आणि घोड्यांवरील प्रवास सुरू झाला. लॉक नेस या लांबलचक सरोवराच्या कांठानें जातांना वाटेंत एक झोंपडी लागली. जॉन्सन यांना डोंगरी लोकांचें घर आंतून पाहावयाचें होतें, म्हणून दोघे वांकून आंत शिरले. एक म्हातारी चुलीवरच्या भांड्यांत बकऱ्याचें मांस शिजवीत होती. तिला इंग्रजी फारसें येत नव्हतें. वाटाडे गेलिक जाणणारे होते. तेव्हां प्रश्नोत्तरें झालीं. तिच्या साठ शेळ्या होत्या. कांहीं कोंबड्या होत्या. झोंपडीजवळ बटाट्यांचा लहानसा तुकडा आणि थोडे जव होते. ओटचें पीठ मात्र विकत आणावें लागे, आणि तें तिला महाग पडे. वसंतांत शेळ्या दूध देऊं लागल्या म्हणजे मुलें पिठावांचूनही भागवून नेतात, असें तिनें सांगितलें.

हें वाक्य जॉन्सन यांनीं आपल्या पुस्तकांत नोंदलें आहे, पण त्यावर भाष्य केलेलें नाहीं. तें त्यांना कोशांतील शब्दार्थाची आठवण करून देणारें होतें किंवा नाहीं, कोण सांगूं शकेल? ज्या धान्यास लंडनांत बसून त्यांनीं घोड्याचें खाद्य म्हटलें, तें या घरांत महागडी वस्तु म्हणून जपून वापरीत होते. स्कॉटलंड ओटवर जगतो हें त्यांचें म्हणणें एका अर्थीं चुकलेंच होतें. त्या देशाचा गरिबांतला गरीब माणूस ओटवर जगावयास मिळावें म्हणून धडपडत होता.

आणि अशा घरांतील त्या बाईनें पाहुण्यांस बसावयास सांगून व्हिस्की पुढें केली. तिनें स्वतः मागितली ती चिमूटभर तपकीर. दोघांनीं तिला पैसे दिले, आणि ती गेलिक भाषेंत आशीर्वाद देत राहिली.

दोन दिवसांनीं, १ सप्टेंबरला, ग्लेन शील या दरींतील ऑख्नाशील नांवाच्या खेड्यांत तसाच प्रकार घडला. एका घराच्या टोंकाशीं हिरवळीच्या ओट्यावर पाहुणे बसले, आणि गांवकऱ्यांनीं लांकडी भांड्यांतून दूध आणून दिलें. त्यांतील एकास घुसळून फेंस आणिला होता. सगळें खेडें भोंवतीं गोळा झालें. बॉस्वेलनें आपल्या शिदोरींतील गव्हाचा पाव काढून प्रत्येकास एकेक तुकडा दिला. त्या लोकांनीं गव्हाचा पाव जन्मांत कधीं चाखला नव्हता! मग पोरांच्या हातांवर एकेक पेनी ठेवण्यांत आली. हा मुलूख मॅकेंझी जमातीच्या सीफर्थ घराण्याचा. याच घराण्यांतील नायकानें १७९३ सालीं हायलँडर लोकांची जी ७८ वी पलटण उभी केली, ती दहा वर्षांनीं, २३ सप्टेंबर १८०३ रोजीं, शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध असईच्या रणांत लढली. मराठवाड्याच्या मातींत पडलेल्या त्या शिपायांपैकीं कित्येकांचें बाळपण अशाच दुधा-पिठावर गेलें असलें पाहिजे.

त्याच रात्रीं ग्लेनेल्गच्या खानावळींत त्यांची खरी परीक्षा झाली. मांस नाहीं, दूध नाहीं, पाव नाहीं, अंडीं नाहींत, द्राक्षाची दारू नाहीं. व्हिस्की मात्र हवी तितकी! अखेर खानावळवाल्यानें मटणाचे तुकडे भाजून आणिले ते चाववेनात. जॉन्सन यांनीं जवळचें एक लिंबू आणि पावाचा तुकडा यांवर रात्र काढली. शेजारच्या एका सद्गृहस्थास पाहुणे आल्याची बातमी लागली तेव्हां त्यानें रम आणि पांढरी साखर पाठवून दिली. त्यांत बॉस्वेलचें भागलें. अंथरुणाची दशा पाहून जॉन्सन यांनीं वाळलेलें गवत मागविलें आणि अंगांतल्या जाड कोटासह त्यावर ते आडवे झाले. बॉस्वेलनें त्यावर चादरी पसरल्या, म्हणून त्याची थट्टा करावयास ते विसरले नाहींत.

दुसऱ्या दिवशीं सामुद्रधुनी ओलांडून ते स्काय बेटावर आले, आणि जेवणाचा सगळा रंगच पालटला. त्या बेटांत खानावळ म्हणण्यासारखी वस्तु जवळजवळ नव्हतीच. प्रवाशानें उतरावयाचें तें कोणा तरी गृहस्थाच्या घरीं. आणि तो गृहस्थ त्याला चार दिवस सोडावयाचा नाहीं. सकाळीं उठल्याबरोबर पुरुषांनीं व्हिस्कीचा एक लहान पेला घ्यावयाचा. यास 'स्काल्क' म्हणत. असें असूनही हे लोक दारुडे नाहींत, निदान आपल्या दृष्टीस तरी तसे पडले नाहींत, असा निर्वाळा जॉन्सन देतात. त्यानंतर न्याहारी. चहा, कॉफी, लोणी, मध, मुरांबे आणि संत्र्याचें मार्मलेड. या न्याहारीपुढें त्यांनीं हात टेकले. खवय्यास मनांत येईल तेथें जातां आलें, तर त्यानें रात्रीं कोठेंही जेवावें, पण न्याहारीच्या वेळीं स्कॉटलंड गांठावें, असा त्यांचा अभिप्राय आहे. एवढेंच कीं चहाच्या मेजावर चीजचे मोठाले काप मांडीत, आणि त्यांच्या उग्र दर्पानें चहाचा सुवास विटाळतो, ही त्यांची तक्रार अखेरपर्यंत राहिली.

भाकरीसंबंधानें त्यांनीं जें लिहिलें आहे तें मराठी माणसास विशेष गोड लागेल. स्कायमधील लोक खमीर वापरीत नसत. म्हणून तेथें पाव म्हणून नव्हताच, सारी भाकरीच. ओटची भाकरी पातळ, खरबरीत आणि कठीण. ज्यास संवय नाहीं त्याच्या जिभेशीं तिचें लवकर जुळत नाहीं. जवाची भाकरी जाड आणि मऊ; रंगानें काळसर असल्यामुळें पाहणारा प्रथम बिचकतो, परंतु चव वाईट नसते, आणि ती आपण विनातक्रार खाऊं लागलों, असें ते सांगतात. बहुतेक घरांत थोडें गव्हाचें पीठ राखून ठेविलेलें असे. पीठ मळून भाजण्याइतका वेळ पाहुणा थांबला, तर त्याला गव्हाची भाकरी मिळे. ज्वारी-बाजरीवर वाढलेल्या माणसास यांत नवल कसलें? पावाच्या देशांतून आलेल्या जॉन्सन यांस तें वाटलें, म्हणून तर आज आपणांस वाचावयास मिळतें.

पीठ कोठून येई, तेंही त्यांनीं निरखून पाहिलें. पाणचक्की दूर असेल तेथें बायका घरींच दळीत. सुमारें दीड फूट व्यासाच्या दोन दगडी तळ्या. खालची किंचित् फुगीर, वरची तितकीच खोलगट. मधल्या भोंकांतून एका हातानें वैरण घालावयाची आणि दुसऱ्या हातानें खुंटा फिरवावयाचा. म्हणजे आपलें जातेंच! लंडनच्या विद्वानास तें एखाद्या पुराणवस्तूसारखें वाटलें, आणि त्यानें त्याचें वर्णन यंत्रशास्त्राच्या पुस्तकांत शोभेल अशा काटेकोरपणें केलें. दाणे काढण्याची एक रीत मात्र त्यांस पसंत पडली नाहीं. मळणी न करतां कणसें पेटवून द्यावयाचीं, म्हणजे फोल व काड जळून जाई आणि भाजलेला दाणा हातीं येई. ज्या काडावांचून हिवाळ्यांत गुरें मरतात तेंच हे लोक जाळून टाकतात, हा निव्वळ रानटी अदूरदर्शीपणा होय, अशी त्यांनीं कानउघाडणी केली. भाजल्यानें दाणा दळावयास सुकर होतो आणि मळणाऱ्याच्या चोरीस वाव राहत नाहीं, हे दोन लहानसे लाभही त्यांनीं प्रामाणिकपणें नोंदले. पण ज्या घरांत संध्याकाळचें पीठ नाहीं, त्याला मळणीची वाट पाहणें परवडत नाहीं, हें लॉक नेसच्या झोंपडींत जाऊन आलेल्या माणसानें येथें विसरावें याचें आश्चर्य वाटतें.

गुरांचा उल्लेख उगीच नव्हता. १७७१ चा वसंत त्या बेटांत 'काळा वसंत' या नांवानें ओळखला जाई. बर्फ फार दिवस जमिनीवर राहिलें, चारा संपला, आणि गुरें पटापट मेलीं. बेटावरून विकावयास बाहेर जाई तें गुरूंच. तेव्हां खंडाचा पैसा उभा राहीना. पूर्वीचा नायक खंड कमी घेई, कारण त्याला माणसें हवीं होतीं. शस्त्रें गेल्यावर माणसांचें मोल उतरलें आणि पैशांचें चढलें. खंड वाढले, आणि कुळें अमेरिकेची वाट धरूं लागलीं. म्हणूनच आर्माडेल येथें सर अलेक्झांडर मॅक्डोनल्ड या एटनांत शिकलेल्या नायकाच्या घरीं उतरल्यावर दोघे पाहुणे आंतून नाराज झाले. वाढलेले खंड आणि देशांतराच्या गोष्टी त्यांच्या कानीं पडल्या, आणि जमातीचा नायक असून त्याच्याभोंवतीं त्याचीं माणसें नाहींत, हें त्यांच्या दृष्टीस पडलें. हायलँडच्या नायकांस अ‍ॅबर्डीनच्या दक्षिणेस जाऊंच देऊं नये, असें जॉन्सन उद्गारले.

राझी बेटावर त्यांना याच्या उलट दृश्य दिसलें. तेथील मॅक्लाउड नायकास तीन मुलगे आणि दहा मुली. समुद्रावरून भिजून आलेल्या पाहुण्यांस प्रथम ब्रँडी, मग भरपूर जेवण, मग चहा-कॉफी. रात्रीं तीस-पस्तीस माणसांची पंगत, आणि नंतर नाच. जॉन्सन यांना तें घर फार आवडलें. तेथून परत स्कायमध्यें पोर्ट्रीस आले, तों बंदरांत 'नेस्टर' नांवाचें मोठें जहाज उभें. देशांतरास निघालेल्या लोकांचें. त्याच रात्रीं, १२ सप्टेंबरला, किंग्सबर्ग येथें ते उतरले. घरची यजमानीण फ्लोरा मॅक्डोनल्ड. कलोडननंतर परागंदा झालेल्या राजपुत्र चार्ल्सला दासीच्या वेषांत बेटावर आणून वांचविणारी ती हीच. भाजलेली टर्की, पोर्टर बिअर, क्लॅरेट, पंच: लंडनच्या एखाद्या संपन्न घरीं शोभावें असें जेवण झालें. राजपुत्र निजला होता त्याच पलंगावर जॉन्सन निजले. बॉस्वेल लिहितो कीं यजमान कर्जानें गांजलेला होता आणि अमेरिकेंत जाऊन नशीब काढण्याच्या विचारांत होता. पुढच्याच वर्षीं, १७७४ मध्यें, नवराबायको खरोखरच उत्तर कॅरोलायनास निघून गेलीं.

पुढच्या मुक्कामांतील जेवणें या गोष्टीच्या उजेडांत वाचलीं म्हणजे त्यांची चव निराळी लागते. कोरिखाटाखान येथें मॅकिनन यांच्या घरीं बॉस्वेल पहांटे पांचपर्यंत पंच पीत बसला, आणि दुपारीं ठणकत्या डोक्यानें पडला असतां गुरु खोलींत आले. आतां कानउघाडणी होणार म्हणून शिष्य धास्तावला. पण त्यांनीं हंसत हंसत, अजून उतरली नाहीं काय, असें विचारलें. घरधनी उताऱ्यासाठीं ब्रँडीची बाटली घेऊन आला, तेव्हां पाजा, पुन्हा पाजा, म्हणजे दिवसभर आम्हांला गंमत, असा शेराही त्यांनीं मारला. ऑक्टोबरच्या आरंभीं आर्माडेलांत जो नाच झाला, त्याला लोकांनीं 'अमेरिका' हेंच नांव ठेविलें होतें: एक जोडपें गिरकी घेऊं लागे, मग दुसरें, मग तिसरें, शेवटीं सगळी सभा फिरूं लागे.

कोल बेटावर ग्रिसिपोल येथें व्हिस्की जुन्या चालीप्रमाणें शिंपल्यांतून फिरविण्यांत आली. जॉन्सन व्हिस्की घेईनात. पण पूर्वजांच्या रीतीचा अवमान नको, म्हणून त्यांनीं तोच शिंपला मागून घेतला आणि त्यांतून पाणी प्याले. सरबत खिडकीबाहेर फेंकणारे हेच गृहस्थ काय, असा प्रश्न पडावा.

अर्थात् प्रत्येक ठिकाणीं इतकी गोडी टिकली असें नाहीं. मल बेटावर लॉकबुईच्या बाईसाहेबांनीं २२ ऑक्टोबरला सकाळीं न्याहारीस शिजवून गार झालेलें मेंढीचें डोकें द्यावयाचें ठरविलें. घरांतील दुसरे पाहुणे सर अ‍ॅलन मॅक्लीन यांना तें रुचलें नाहीं. पण बॉस्वेलला गंमत पाहावयाची होती, म्हणून त्यानें जॉन्सन यांस विचारून पाहावें असा आग्रह धरला. घ्याल का थोडें, म्हणून बाईंनीं विचारलें. नको, असें आश्चर्य आणि संताप यांनीं भरलेलें उत्तर आलें. बाईंना वाटलें, आणावयाचे श्रम नकोत म्हणून भिडेस्तव नाकारीत आहेत. तेव्हां, अहो, येथेंच आहे कीं, असें त्या म्हणाल्या. गरिबाच्या घरीं जनावराचें कांहीं वांया जात नाहीं, तशीच ही गोष्ट. मेंढीचें काळीज व फुप्फुसें ओटचें पीठ, चरबी आणि कांदा यांत मिसळून तिच्याच कोठ्यांत शिजविलेला हॅगिस हा पदार्थ आज स्कॉटलंडचें राष्ट्रीय भूषण मानला जातो. याचें मोठें श्रेय कवि रॉबर्ट बर्न्सनें १७८६ सालीं त्यावर रचलेल्या कवितेस आहे, आणि १८०१ पासून त्याच्या स्मरणार्थ जेवणावळी होत आल्या आहेत. मेंढीच्या डोक्याला असा कवि भेटला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं, २३ ऑक्टोबरला, वाऱ्यापावसांत भिजत दोघे मुख्य भूमीवरील इन्व्हरेरी येथें पोंचले. बेटें मागें राहिलीं होतीं. खानावळ उत्तम होती. जेवण झाल्यावर जॉन्सन यांनीं एकाएकीं व्हिस्कीचा पेला मागविला. स्कॉच माणसास सुख कशांत वाटतें तें एकदां पाहूं द्या, असें ते म्हणाले. दोन महिने घरोघर आग्रह झाला तेव्हां जें नाकारलें, तें आतां कोणी आग्रह न करतां त्यांनीं आपण होऊन घेतलें. पेला जवळजवळ रिकामा झाला, तेव्हां बॉस्वेलनें तळाशीं उरलेला थेंब आपल्या पेल्यांत ओतून घेण्याची परवानगी मागितली. आपण दोघांनीं मिळून व्हिस्की घेतली असें त्याला पुढें सांगतां यावें म्हणून!

गेलिकमधील 'उश्के बेहा', म्हणजे जीवनाचें पाणी, या शब्दापासून व्हिस्की हें नांव आलें. १४९४ च्या राजाच्या हिशेबांत जॉन कॉर नांवाच्या जोगी भावास तें पाणी काढण्यासाठीं आठ 'बोल' मोड आणलेले जव दिल्याची नोंद आहे. स्कॉटलंडांतील या पेयाचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा म्हणून दाखवितात. आज स्कॉच व्हिस्की कायद्यानें किमान तीन वर्षें ओकच्या पिंपांत मुरवावी लागते. तशी अट तेव्हां नव्हती. तरीही जॉन्सन यांनीं निकाल चांगला दिला: इंग्लंडांत जवापासून काढलेल्या कोणत्याही दारूपेक्षां ही सरस, तिखट नसून जोरकस, आणि करपल्याचा वास नसलेली. ती कशी काढतात याची चौकशी मात्र त्यांनीं केली नाहीं. विष गोड करण्याच्या कलेंत सुधारणा करण्याची त्यांस इच्छा नव्हती.

१७७५ च्या आरंभीं त्यांचें प्रवासवर्णन प्रसिद्ध झालें. स्कॉटलंडांत झाडें नाहींत म्हणून त्यांनीं लिहिलें, जुन्या गेलिक काव्याच्या खरेपणाविषयीं शंका घेतली. त्यावरून तेथें पुष्कळ गदारोळ झाला, आणि १७७९ मध्यें मॅकनिकोल नांवाच्या हायलँडच्या एका पाद्र्यानें भलेंमोठें खंडन छापलें. भाकरीविषयींचा मजकूर वादांत कोणाच्या फारसा लक्षांत आला नसावा. पण जो माणूस देशांतर करणाऱ्या कुळांची बाजू घेऊन, माणसें निघून गेलीं तर डोंगर कोणासाठीं उरणार असा प्रश्न त्या पुस्तकांत गंभीरपणें विचारतो, तो त्यांच्या घरीं जेवून आला होता, ही गोष्ट पानोपानीं जाणवते. कोशांतील 'ओट' मात्र त्यांनीं तसाच राहूं दिला.

१७७६ च्या मार्चांत गुरुशिष्य लिचफील्ड या जॉन्सन यांच्या जन्मगांवीं गेले. सकाळीं न्याहारी आली. बॉस्वेल पाहतो तों ताटलींत ओटची भाकरी. स्कॉटलंडांतल्यासारखी कडक नव्हे, मऊ. गांवांत ओटची बिअरही मिळत होती. घोड्यांचें हें खाद्य खुद्द डॉक्टरसाहेबांच्या गांवचीं माणसें इतक्या आवडीनें खातात हें पाहून त्याला मोठा संतोष वाटला, आणि तो त्यानें लिहून ठेवला.